बॅटरीमागचा माणूस

आमचे निपाणीचे घरमालक भर दुपारी बॅटरी घेऊन बाहेर पडायचे. बॅटरी म्हणजे हातात धरायची, उजेड पाडायची. शाळेत मुलांना मी तिला 'विजेरी' म्हणायला शिकवत असे, पण निपाणीत विजेरी म्हणणारा माणूस मला फक्त पाठ्यपुस्तकात भेटला. तर हे गृहस्थ डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर पट्ट्याने बांधलेली एक बॅटरी, सदऱ्याच्या खिशात दुसरी आणि पिशवीत तिसरी, अशा थाटात बाजाराला निघायचे. बाहेर ऊन मी म्हणत असायचं. रात्री मात्र साडेआठाला जेवून, दिवे मालवून झोपायचे. ज्या माणसाला दिवसाच बॅटरी लागते त्याचा संशय येणार नाही तर कुणाचा येणार? त्यात माझा स्वभाव आधीच तसला. दूधवाला जरा जास्त गोड बोलला तर मी दुधात बोट बुडवून बघणारी बाई.

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. त्यांचं खरं नाव काय, हे त्यांच्या माडीवर तीन वर्षं राहूनही मला कळलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "कशाला?" त्यांनी आमच्याशी भाडेकरार केला नाही. कागद केला की नाव आलं आणि नाव आलं की भानगड आली, असं त्यांचं म्हणणं. दारावर पाटी नव्हती. त्यांची पार्सलं यायची तीही समोरच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर, नुसतं 'आप्पा' एवढंच लिहिलेली. डबे लहान, हाताच्या पंजात मावतील एवढे. ते सदऱ्याखाली झाकून घरात न्यायचे. गल्लीतल्या बायकांनी त्या डब्यांत काय काय असेल याची यादी केली होती आणि त्यात देवाचं नाव घेण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. माझ्या नवऱ्याची नोकरी बेळगावला आणि माझी इथल्या शाळेत, त्यामुळे ते शनिवारी येणार आणि एरवी मी एकटी राहणार, हे आम्ही आप्पांना सांगून टाकलं. त्यांनी नवऱ्याचं ओळखपत्र मागितलं. ते घेऊन दारात गेले, उजेडात धरलं, मग वरून बॅटरी मारली, फोटो बघितला आणि नवऱ्याचं तोंड बघितलं. मग माझ्याकडे वळून साडीचा रंग विचारला. मी म्हटलं, काळी. त्यांनी पदरावर बॅटरी धरली. साडी गडद जांभळी होती. मी ती दोन वर्षं काळी म्हणून नेसत होते.

"दुकानात ट्यूबखाली घेतली आसणार," ते म्हणाले. "दारात आणून बगायची."

जागा मिळाली. पण माझ्या अंगावरच्या साडीवर बॅटरी मारणारा माणूस मी त्या दिवसापासून मनात टिपून ठेवला.

बाजारात त्यांचा धाक होता. भाजीवाले उन्हासाठी लाल ताडपत्री बांधतात, त्याखाली कच्चे टोमॅटोही पिकलेले दिसतात. आप्पा ढिगापुढे उकिडवे बसून एकेक टोमॅटो बॅटरीखाली फिरवायचे आणि हिरवट निघाला की काही न बोलता भाजीवालीच्या मांडीजवळ ठेवायचे. बायका त्यांना लांबूनच ओळखायच्या आणि ताडपत्रीचा कोपरा वर सारायच्या. मला भाजी घ्यायची असली की मी त्यांच्या मागोमाग जात असे. संशय आपल्या जागी आणि टोमॅटो आपल्या जागी.

बाजारातल्या कुठल्याच बॅटरीवर मात्र ते खूश नव्हते. डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचायचे आणि मग ते खोटं ठरवायला बसायचे. तीनशे मीटर उजेड जातो असं लिहिलेलं असलं की मला शाळेच्या मैदानाच्या टोकाला पांढरा कागद घेऊन उभं करायचे. बारा तास चालते असं असलं की ती लावून उशाशी घड्याळ ठेवायचे. "बारा तास चालती, पर कशी चालती? पयल्या तासाला वाघ आणि मग मांजर. त्ये लिवत न्हाईत." बॅटरी बनवणारा प्रत्येक कारखाना आपल्याला एकट्याला फसवायला निघालाय, अशा आवेशात ते बोलत.

त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. वर लिहिलं होतं, 'नव्या बॅटरीत काय पाहिजे'. एखाद्या बॅटरीने त्रास दिला की वहीत एक मागणी वाढायची. एका बटणाला एकच काम असावं. पाच वेळा दाबून, मधे लुकलुक बघून मग उजेड मिळू नये. बटण अंधारात बोटाला लागावं म्हणून खरखरीत असावं. खाली ठेवली तर गडगडत जाऊ नये. पहिल्यांदा लावली की कमी उजेडात लागावी, डोळ्यांवर धाडकन येऊ नये. चार्ज निम्मा असेल तर निम्माच दाखवावा. चाळीस टक्के सांगून मोबाईलसारखं एकदम मरू नये. आतला सेल कुणालाही काढता-घालता यावा. ही मागणी सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "प्वाट शिवून टाकल्यात हल्ली. आत काय हाय म्हणून शिवत्यात?" डोक्याच्या बॅटरीचा पट्टा धुता यावा, घामाचा वास मारू नये. ती लावून समोरच्याकडे बघितलं तर तिने आपणहून मंद व्हावं. विहिरीत पडली तर तरंगावी, आणि तरंगताना लागलेली राहावी. पहिल्या नंबरावर, दोनदा अधोरेखित, होतं: रंग खरा दिसावा.

मी एकदा विचारलं, "आप्पा, हे सगळं कुणासाठी?"

"इचारतंय कोण?" ते म्हणाले. ते उत्तर होतं की उलट प्रश्न, मला कळलं नाही.

रंगाचं खूळ कुठून आलं ते त्यांनी एकदा आपणहून सांगितलं. तरुणपणी ते एका तंबाखूच्या वखारीत पान पारखायला होते. वखारीचा एक कायदा होता: पान आत बघायचं नाही. मूठभर पानं उचलायची, दारात न्यायची, आभाळाच्या उजेडात धरायची आणि मग बोलायचं. एकदा झडीचा पाऊस लागला होता, गाडी खोळंबली होती, दारात उभं राहिलं तर पान भिजणार. आप्पांनी वखारीतल्या पिवळ्या बल्बखालीच माल बघितला आणि चांगला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी उन्हात पोती उघडली तर पान हिरवट, कच्चं.

"मालक वराडला आसता तर बरं झालं आसतं," आप्पा म्हणाले. "त्यो कायच बोलला न्हाय. दुसऱ्या दिशी माझ्या हातात पान दिलंच न्हाय. शेजारच्याच्या हातात दिलं."

मला ती गोष्ट तेव्हा फारशी पटली नाही. माणसं आपल्या वेडाला एखादी जुनी गोष्ट चिकटवून देतात, असं मला वाटलं. आणि तोवर माझा संशय टोमॅटोच्या फार पुढे गेला होता.

कारण दिवेलागणीला माझ्या मागच्या खिडकीवर उजेड यायचा. आधी एक गोल ठिपका, मग त्याभोवती फिकट कडं. तो खिडकीखालून सरकत वर यायचा, गजांवर थांबायचा, पुन्हा खाली जायचा. कधी पांढरा, कधी पिवळसर, कधी निळा. पहिल्यांदा मी गजांतून खाली बघितलं तर डोळ्यांवर झोत आला आणि खाली परसात कोण उभं आहे ते दिसेना. दिसेना, पण दुसरं कोण असणार? मी खिडकी लावून घेतली. शनिवारी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, म्हातारा माणूस आहे, काहीतरी शोधत असेल. एकट्या बाईच्या खिडकीत काय शोधतो, ते मात्र त्यांना सांगता येईना. मी पडदा जाड घेतला. आप्पांशी बोलणं भाडं देण्यापुरतं ठेवलं. दुसरी जागा बघायची असं ठरलंही होतं, पण तेवढ्यात मला दिवस गेले आणि जिने चढून जागा बघत फिरणं राहून गेलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझं माहेर खानापूरकडच्या खेड्यात. पावसाळ्यात तिथून दवाखाना गाठायचा म्हणजे ओढा काय म्हणतो ते आधी विचारावं लागतं. म्हणून आईच निपाणीला आली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातून घरी आलो आणि आईने खोलीचा ताबा घेतला. खिडक्यांच्या फटींत जुनी लुगडी कोंबली. ट्यूबलाइट बाळाच्या डोळ्यांना टोचते म्हणून बंद केली, पिवळा बल्ब लावला. सकाळ-संध्याकाळ धुरी. बाळाला तेल, बेसन आणि हळद चोळून आंघोळ. बाहेर आठ दिवस आभाळ खाली आलेलं, सूर्य कुठल्या बाजूला आहे तेही कळत नव्हतं.

पहिले दिवस पोर रडून घर डोक्यावर घेत होती. मग हळूहळू शांत झाली. पाजायला घेतलं की दोन घोट घ्यायची आणि डोळे मिटायची. आई म्हणाली, "गुणाची हाय गं. तुझ्यासारखी न्हाय." मला जरा चुटपुट लागली. मी मोबाईलचा दिवा लावून तिचं तोंड बघितलं. त्या उजेडात ती पांढुरकी-निळसर दिसली, गादीही तशीच दिसली आणि माझा हातही. मी मोबाईल ठेवून दिला.

सहाव्या दिवशी दुपारी दार वाजलं. आईने उघडलं. जिन्यावर आप्पा उभे होते. डोक्यावर बॅटरी, हातात बॅटरी. त्यांनी आईला नमस्कार केला आणि मला पोर दाखवा म्हणाले.

आईने दाराची चौकट अडवली. बारा दिवस व्हायच्या आत परक्या माणसाची नजर बाळावर पडू देणार नव्हती ती. त्यात हा माणूस नजरेला दिवा बांधून आलेला. आप्पा म्हणाले की दोन दिवस पोरीचं रडणं खाली छतातून ऐकू येत होतं, काल दुपारपासून येत नाही. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण पोरीच्या काळजीने नव्हे. हा माणूस छताला कान लावून बसतो, असं माझ्या मनात आलं. मी पडल्या जागेवरून उठले, आईच्या मागे जाऊन उभी राहिले आणि दोन वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं.

"आप्पा, माझ्या खिडकीवर उजेड कोण मारतं ते मला कळत नाही असं समजू नका. आता बाळावर मारायचाय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोक्यावरची बॅटरी लागलेली होती, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसलंच नाही, नुसता झोत दिसला. त्यांनी हात वर करून ती विझवली. मग तोंड दिसलं, आणि ते अगदी साध्या म्हाताऱ्या माणसाचं होतं. खाली वाकून त्यांनी हातातली बॅटरी आमच्या उंबऱ्यावर ठेवली. ती गडगडली नाही.

"मी आत येत न्हाय, बाई. तुमीच बगा," ते म्हणाले. "हळद पुसायची, सोच्छ पुसायची. मग छातीवर बोट दाबायचं, उचलायचं आणि खाली काय रंग हाय त्यो बगायचा. पिवळ्या बल्बखाली पिवळं दिसत नसतंय."

एवढं बोलून ते जिना उतरून गेले.

खरं सांगायचं तर मी ती बॅटरी लगेच लावली नाही. उलटसुलट करून बघितली. हिच्यात कॅमेरा तर नाही ना, हेही बघितलं. असल्या वेळीही माझं डोकं तिथेच चाललं होतं, याची मला अजून लाज वाटते. मग मी पोरीला मांडीवर घेतलं, आईला बल्ब विझवायला सांगितला आणि बॅटरी लावली.

उजेड मोठा नव्हता, आधी मंदच आला. पण त्यात प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या रंगाची दिसली. पांढरं कापड पांढरं. माझी नखं गुलाबी. आईच्या हातातलं काकण हिरवंगार, इतकं हिरवं की आईनेच हाताकडे बघितलं. आणि पोर पिवळी.

"हळद हाय ती," आई म्हणाली.

तिने ओलं कापड घेतलं आणि छाती पुसली. मग दुसरं कापड घेतलं, कोमट पाण्यात पिळलं, पुन्हा पुसलं. कापडाला पहिल्यांदा पिवळा डाग आला, दुसऱ्यांदा कमी आला, तिसऱ्यांदा आलाच नाही. पोर तशीच पिवळी. मी बोट दाबलं, उचललं. खालची कातडी पिवळी. पापणी वर केली, तर डोळ्याचा पांढरा भागही पिवळा.

"आणि एक कापड दे," आई म्हणाली.

"आई, निघत नाही ती."

ती कापड हातात धरून तशीच बसून राहिली. तिने रोज ज्या हातांनी हळद लावली होती, त्यांच्याकडे बघत होती. मी पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. खाली आप्पा फाटक उघडून उभे होते आणि रिक्षा सुरू होती. मी काय बघितलं ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही काही बघण्याआधीच त्यांनी रिक्षा बोलावून ठेवली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला पहिल्यांदा काय केलं असेल, तर खिडकीशी नेलं. आभाळाच्या उजेडात धरलं. मग रक्त घेतलं. कावीळ फार चढली होती. आणखी एक दिवस गेला असता तर मेंदूवर परिणाम झाला असता, असं त्या म्हणाल्या. पोरीच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी आप्पा आले, काचेबाहेर उभे राहिले आणि त्या दिव्यांकडे बराच वेळ संशयाने बघत राहिले. निळ्याखाली ठेवल्यावर पिवळं गेलं की राहिलं हे कळणार कसं, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या हसल्या आणि रक्त तपासून कळतं म्हणाल्या. रक्त कुठल्या उजेडात बघता, हे आप्पांनी विचारायच्या आत मी त्यांना बाजूला घेतलं.

चार दिवसांनी पोर रडायला लागली आणि ते रडणं मला गाण्यासारखं वाटलं. आम्ही घरी आलो. आईने आल्या आल्या लुगडी काढून खिडक्या उघडल्या. पाऊस उघडला होता. मी मागच्या परसात उतरले, वर बघितलं आणि तीन वर्षं समोर असलेली गोष्ट मला तेव्हा दिसली. आप्पांचं सगळं घर हिरव्या रंगाचं, जागोजागी पोपडे आलेलं. फक्त माझ्या खिडकीखालची भिंत पांढरीफेक होती. दर दिवाळीला ते तेवढीच भिंत चुन्याने रंगवायचे आणि मी त्यांना कंजूष म्हणायचे.

मी तशीच आप्पांकडे गेले आणि विचारलं. ते म्हणाले, उजेडाचा आकार आणि रंग बघायला पांढरी भिंत लागते. गावातल्या दुसऱ्या पांढऱ्या भिंतीवर कुणी बॅटरी मारू देत नाही. पण त्या दिवसानंतर भिंतीवर उजेड आला नाही. मी तो यावा म्हणून पडदा बाजूला करून ठेवला, तरी आला नाही.

माफी मागायचं माझ्या मनात रोज यायचं आणि जिभेवर यायच्या आत मागे फिरायचं. माझी मुलगी त्यांनी वाचवली आणि मी त्यांना उंबऱ्यावरून काय म्हणाले होते! शेवटी तेच वर आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. हातात ती शंभर पानी वही होती.

"तुमचं अक्षर चांगलं हाय, बाई. ह्ये नीट उतरवून द्या. कारखान्याला धाडायचं हाय."

मी त्यांना आत बोलावलं. ते आले नाहीत.

पोर निजल्यावर मी वही उघडली. छत्तीस मागण्या होत्या. बटणाची, सेलची, तरंगण्याची, पट्ट्याच्या वासाची. शाई जुनी, काही ठिकाणी पेन्सिल. शेवटची, छत्तिसावी, ताज्या शाईने लिहिलेली होती. तारीख घातलेली नव्हती, पण कुठल्या दिवसानंतर लिहिली ते मला कळलं.

'बॅटरी धरणाराच्या तोंडावर बी थोडा उजेड पडावा. म्हणजे मागं कोण हाय त्ये समोरच्याला दिसंल आणि भ्या वाटणार न्हाय.'

मी पोरीच्या शेजारी बसून खूप रडले. मग डोळे पुसले आणि सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढलं. फक्त क्रम एका ठिकाणी बदलला. खाली नावासाठी जागा सोडली, पण ती रिकामीच राहणार हे मला ठाऊक होतं.

सकाळी कागद घेऊन खाली गेले. त्यांनी ते दारात नेले, आभाळाच्या उजेडात धरले, वरून बॅटरी मारली आणि पहिल्या ओळीवरच थांबले.

"नंबर चुकलाय, बाई. पयला रंगाचा हाय. ह्यो छत्तिसावा."

"चुकला नाही, आप्पा. रंग दुसरा," मी म्हटलं. "पहिला हाच. मला विचारा."

त्यांनी बॅटरी विझवली. कागद मांडीवर घेऊन ते उंबऱ्यावर बसले आणि माझ्याकडे पेन मागितलं. मग खाली सोडलेल्या जागेत, मी बघत असताना, एकेक अक्षर सावकाश काढत त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.